रक्तांतील पहारेकरी आणि गर्भाशयाचा कर्करोग

परतवाड्यासारख्या गांवींहि ताप चार दिवस उतरला नाहीं कीं रक्त तपासून घेण्याची चाल आतां घरोघरीं पडली आहे. संध्याकाळीं हातीं पडणाऱ्या त्या कागदावर हिमोग्लोबिनच्या आंकड्याखालीं पांढऱ्या पेशींची वर्गवारी दिलेली असते : न्यूट्रोफिल इतके टक्के, लिम्फोसाइट इतके टक्के, मोनोसाइट इतके टक्के. घरांतील मंडळी हिमोग्लोबिन तेवढें पाहतात आणि कागद घडी करून ठेवून देतात. ज्या ओळींकडे कोणी पाहत नाहीं, त्याच ओळींतल्या पेशींवर कर्करोगाच्या संशोधकांची दृष्टि अलीकडे खिळून राहिली आहे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगांत ह्या पेशी काय सांगतात, आणि काय सांगूं शकत नाहींत, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेणें बरें. गर्भाशयाचा कर्करोग म्हटला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग उभा राहतो. हे दोन रोग शेजारीं राहणारे असले तरी एका घराण्यांतले नव्हेत. मुखाचा कर्करोग एका विषाणूच्या दीर्घ संसर्गानें होतो. अस्तराच्या कर्करोगाची उत्पत्ति निराळी आहे. स्त्रीच्या शरीरांतील ईस्ट्रोजन हें द्रव्य अस्तराला वाढावयास लावतें, आणि प्रोजेस्टेरोन हें दुसरें द्रव्य त्या वाढीला आवर घालतें. पाळी थांबल्यावर हें आवर घालणारें द्रव्य जवळजवळ नाहींसें होतें. पण अंगावर चरबी पुष्कळ असली तर त्या चरबींत ईस्ट्रोजन तयार होतच राहतें. म्हणून स्थूलपणा व मधुमेह हे ह्या रोगाचे नेहमींचे सोबती होत. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें त्या एका वर्षांत जगांत सुमारें ४ लाख २० हजार स्त्रियांना हा रोग नव्यानें जडला. त्यांत भारताचा वांटा १७ हजारांच्या आसपास होता. मुखाच्या कर्करोगाचा भारतांतील आंकडा त्याच वर्षीं सव्वा लाखाच्या घरांत होता. अस्तराचा कर्करोग अजून तरी मुख्यतः सुखवस्तु देशांचा रोग आहे. वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर, संत्र्याच्या बागेंत दिवसभर राबणाऱ्या बाईपेक्षां बागेच्या मालकिणीला त्याचें भय अधिक, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

ह्या रोगाचा एक गुण मात्र असा आहे कीं तो फार दिवस मुका राहत नाहीं. पोटांतील दुसरे कित्येक कर्करोग अखेरपर्यंत बोलत नाहींत. हा बहुधा आरंभींच बोलतो. पाळी कायमची थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हां अंगावरून रक्त जाऊं लागणें, ही त्याची पहिली खूण. पाळी थांबल्यानंतर हा रोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकीं नव्वदांहून अधिक जणींना ही खूण दिसते. उलट, असें रक्त गेलेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें नऊ जणींनाच कर्करोग निघतो. बाकीच्यांच्या रक्तस्रावाचीं कारणें साधीं असतात. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१८ सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले. रोग गर्भाशयापुरताच असतांना शस्त्रक्रिया झाली, तर दहांपैकीं नऊ स्त्रिया पांच वर्षांनंतरहि हयात असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर हेंच प्रमाण पांचांत एकीच्या आसपास येतें. ह्या दोन आंकड्यांमधलें अंतर पुष्कळदां नुसत्या कांहीं महिन्यांचें असतें.

आतां ही खूण परतवाड्याच्या एखाद्या जुन्या घरांत दिसली तर काय होतें, हें सांगावयास ज्योतिषी नको. साठीच्या सासूबाई प्रथम कोणापाशींच बोलत नाहींत. उष्णतेचा विकार असेल, देवाच्या दयेनें जाईल, असें म्हणून त्या मनाची समजूत घालतात. सुनेला धुण्यावरून शंका येते. पण विचारण्यास ती धजत नाहीं, आणि मुलापुढें हा विषय निघणें तर अशक्यच. दुखणें अंगावर काढण्यांत चारसहा महिने निघून जातात. मेळघाटांतून बाजाराला उतरणाऱ्या कोरकू बाईच्या वाटेंत संकोचापेक्षां अंतर मोठें. परतवाड्याहून अमरावती सुमारें ५० किलोमीटर, आणि कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयासाठीं नागपूर गांठावयाचें तर सुमारें २०० किलोमीटर. अशा घराला जर कोणी सांगितलें कीं, आंतली तपासणी नको, नागपूरची खेपहि नको, दंडांतून दोन चमचे रक्त द्या, रोग आहे कीं नाहीं तें कळेल, तर तें किती हवेंहवेंसें वाटेल! ही आशा अगदींच पोकळ नाहीं. परंतु तिची किंमत नीट ठरविली पाहिजे, कारण चुकीची किंमत येथें एखाद्या घरांतील माउलीच्या प्राणांनीं द्यावी लागेल.

रक्तांत कर्करोगाची खूण शोधण्याची कल्पना नवी नाहीं. १८६९ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें थॉमस ॲशवर्थ ह्या डॉक्टरानें कर्करोगानें मृत्यु पावलेल्या एका रुग्णाच्या पायाच्या शिरेंतलें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तेव्हां गांठींतल्या पेशींसारख्याच पेशी त्याला त्या रक्तांत आढळल्या. गांठ एका जागीं बसून असली तरी तिचे कण प्रवासाला निघतात, हें त्यावरून दिसलें. पुढें तेरा वर्षांनीं, १८८२ सालीं, इल्या मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ सिसिली बेटांत मेसिना येथें राहत होता. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगांत त्यानें गुलाबाचा काटा खुपसून ठेवला आणि दुसऱ्या दिवशीं पाहिलें, तों काट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परकी वस्तु खाऊन टाकणाऱ्या ह्या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल १९०८ सालचें नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिकबरोबर वांटून मिळालें. ह्या दोन निरीक्षणांची गांठ पडावयास मात्र पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

२०१४ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं स्तन, स्वादुपिंड व प्रोस्टेट ग्रंथि ह्यांच्या कर्करोगाच्या रुग्णांचें रक्त अति बारीक छिद्रांच्या चाळणींतून गाळलें. छिद्रें इतकीं लहान कीं तांबड्या पेशी आणि बहुतेक पांढऱ्या पेशी वांकून, दबून पार होतात. जें मोठें व ताठर तेंच वर राहतें. चाळणीवर त्यांना प्रचंड आकाराच्या पेशी मिळाल्या. साधारण पांढरी पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी; ह्यांतल्या कांहीं तिच्या दसपट-वीसपट लांब. त्या कर्करोगाच्या पेशी नव्हत्या, तर भक्षक पेशी होत्या, आणि त्यांच्या पोटांत गांठीच्या पेशींचें द्रव्य होतें. निरोगी माणसांच्या रक्तांत त्या सांपडल्या नाहींत. म्हणजे गांठीपाशीं जाऊन, तिचे तुकडे गिळून, पहारेकरी पुन्हां रक्ताच्या रस्त्यावर आला होता. चोर पकडणें कठीण, पण चोराच्या घरचा माल अंगावर असलेला शिपाई रस्त्यांत भेटला, असा हा प्रकार आहे.

मात्र हा शिपाई इमानी असतोच असें नाहीं. गांठींत शिरलेल्या भक्षक पेशी पुष्कळदां तिच्याच चाकरीला लागतात : तिला नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून द्रव्यें सोडतात, आणि तिच्यावर चालून येणाऱ्या लिम्फोसाइट पेशींना निरुत्साही करतात. लिम्फोसाइटांतहि एक जात अशी आहे कीं तिचें कामच इतरांना आवरण्याचें. शरीरानें स्वतःवरच हत्यार चालवूं नये म्हणून ही जात असते. तिच्या शोधासंबंधीं २०२५ सालचें नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची ह्यांना देण्यांत आलें. कर्करोग ह्या आवरणाऱ्या पेशींचाहि आसरा घेतो.

गर्भाशयाच्या अस्तराविषयीं हें सारें आणखी गुंतागुंतीचें होतें, आणि विषयाची खरी मौजहि येथेंच आहे. शरीरांतील दुसऱ्या बहुतेक जागीं पहारेकऱ्यांचें काम एकच : परक्याला हांकून देणें. गर्भाशयांत मात्र त्यांना परक्याचें स्वागत करावें लागतें. कारण पोटांतलें मूल अर्धें बापाचें, म्हणजे आईच्या पहारेकऱ्यांच्या दृष्टीनें अर्धें परकेंच. शिवाय दर महिन्याला अस्तर गळून पडतें, जखम होते, भक्षक पेशी मोडतोड साफ करतात, आणि व्रण न राहतां नवें अस्तर उभें राहतें. तेव्हां सहन करणें, साफसफाई करणें आणि नवी वाढ करविणें ह्या तिन्ही कामांची संवय ह्या जागेच्या पेशींना आधींपासूनच असते. कर्करोगाला ह्याच तीन गोष्टी हव्या असतात. दुसऱ्या अवयवांत जें त्याला नव्यानें जुळवावें लागतें, तें येथें बरेंचसें आयतेंच हातीं येतें.

ह्याच कारणानें ह्या रोगांत रक्ताची साक्ष वाचणेंहि अवघड होतें. प्राग येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ सालीं गर्भाशयाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांचें रक्त गाळून त्यांतून गांठीच्या जिवंत पेशी मिळविल्या व प्रयोगशाळेंत त्यांची जोपासना केली. ही मोठी कामगिरी होय. परंतु ज्या विकारांत अस्तराच्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, त्या एंडोमेट्रिओसिस नांवाच्या विकारांतहि अस्तराच्या पेशी रक्तांत सांपडल्या आहेत, आणि तो विकार कर्करोग नव्हे. तेव्हां अस्तराची पेशी किंवा तिचा अंश रक्तांत दिसला एवढ्यावरून 'कर्करोग' असा निवाडा देतां येत नाहीं.

आतां त्या घडी करून ठेवलेल्या कागदाकडे पुन्हां वळावयास हरकत नाहीं. न्यूट्रोफिलच्या आंकड्याला लिम्फोसाइटच्या आंकड्यानें भागलें असतां जें प्रमाण येतें, तें शस्त्रक्रियेपूर्वीं वाढलेलें असेल तर त्या स्त्रीचा रोग अधिक कठीण जाण्याचा संभव असतो, असें अनेक पाहण्यांत दिसून आलें आहे. ह्या हिशेबाला वेगळा खर्च नाहीं. पण तेंच प्रमाण साध्या गळवानें वाढतें, न्यूमोनियानें वाढतें, दम्यासाठीं घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनींहि वाढतें. रोग ठाऊक असलेल्या स्त्रीविषयीं तें कांहीं सांगतें. रोग आहे कीं नाहीं, ह्याविषयीं तें जवळजवळ कांहींच सांगत नाहीं. घरीं बसून हा भागाकार करून कोणी भयभीत होऊं नये आणि निश्चिंतहि होऊं नये.

महाराष्ट्रांतच ह्या क्षेत्रांत झालेलें एक मोठें काम येथें सांगितलें पाहिजे. नाशिक येथील दातार कॅन्सर जेनेटिक्स ह्या संस्थेच्या संशोधकांनीं २०२० सालीं 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर' ह्या नियतकालिकांत आपली पाहणी प्रसिद्ध केली. रक्तांत एकेकटी पेशी न शोधतां, कर्करोगाच्या पेशी व त्यांच्यासंगें चिकटून फिरणाऱ्या इतर पेशी, त्यांत पांढऱ्या पेशीहि आल्या, ह्यांचे पुंजके त्यांनीं शोधले. सोळा हजारांहून अधिक माणसांचें रक्त तपासण्यांत आलें. निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग असलेल्या ५,५०९ रुग्णांपैकीं सुमारें ९० टक्क्यांत असे पुंजके सांपडले. आणि ज्यांना कांहीं तक्रार नव्हती व इतर तपासण्यांतहि कांहीं निघालें नव्हतें, अशांपैकीं ३ टक्क्यांतच ते आढळले.

नव्वद आणि तीन. ऐकतांना हे आंकडे डोळे दिपवितात, आणि म्हणूनच ते कागदावर मांडून पाहिले पाहिजेत. समजा, पन्नाशी उलटलेल्या, कांहींहि तक्रार नसलेल्या १ लाख स्त्रिया आहेत व त्यांच्यापैकीं २० जणींना अस्तराचा कर्करोग आहे. शंभरांत नव्वद ओळखणारी तपासणी त्यांतल्या १८ जणींना शोधून काढील. पण निरोगी स्त्रियांपैकीं ३ टक्के, म्हणजे सुमारें ३,००० जणी, त्याच तपासणीनें संशयित ठरतील. संशयाची चिठ्ठी हातीं पडलेल्या १६८ स्त्रियांमागें खरी रुग्ण एकच! उरलेल्या १६७ जणींच्या घरांत रात्ररात्र झोंप नाहीं, आणि प्रत्येकीमागें नागपूरची खेप आहेच. हा दोष त्या एका तपासणीचा नव्हे; विरळ रोग आणि मोठा समुदाय ह्यांची गांठ पडली कीं कोणत्याहि तपासणीचा हिशेब असाच उलटतो.

आतां तोच हिशेब निराळ्या ठिकाणीं मांडला तर काय दिसतें? पाळी थांबल्यावर रक्त गेलेल्या १,००० स्त्रिया घ्याव्या. त्यांच्यापैकीं सुमारें ९० जणींना रोग असणार. हीच तपासणी ८१ जणींना ओळखील, आणि निरोगी ९१० जणींपैकीं २७ जणींवर खोटा संशय घेईल. येथें संशयितांपैकीं चारांत तीन खरोखरच रुग्ण आहेत. हें पुष्कळच बरें. पण ९ स्त्रिया 'कांहीं नाहीं' असें ऐकून घरीं जातील, आणि त्या नऊ जणींना पुढलें रक्त गेलें तरी आतां भय वाटणार नाहीं. ह्या नऊ जणींसाठींच रक्ताच्या तपासणीनें गर्भाशयाच्या तपासणीची जागा घेतां कामा नये. ती तपासणी लोकांना वाटते तेवढी भयंकर नसते. सोनोग्राफीनें अस्तराची जाडी मोजतात; पाळी थांबलेल्या स्त्रींत ती ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कर्करोगाचा संभव फार थोडा. जाडी अधिक असली, किंवा रक्त पुन्हां पुन्हां जात असलें, तर शाईच्या कांडीहूनहि बारीक अशा एका नळीनें अस्तराचा अल्पसा तुकडा काढून घेतात. बहुधा भूल द्यावी लागत नाहीं; स्त्री त्याच दिवशीं घरीं जाते. १९४१ सालीं मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळेंत डॉ. वसंत रामजी खानोलकर ज्या पद्धतीनें कर्करोगाचा निवाडा करीत, म्हणजे मांसाचा पातळ काप कांचेवर घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें, तीच पद्धति शेवटचा शब्द म्हणून अद्याप कायम आहे.

नव्या तपासणीची खरी कसोटी कोणती, ह्याचा धडाहि महाराष्ट्राच्या खेड्यांतूनच मिळालेला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत बार्शीचे डॉ. भगवान नेने व टाटा स्मारक केंद्र ह्यांच्या सहकार्यानें गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविषयीं एक प्रचंड प्रयोग झाला. ४९७ गांवांतील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचे चार गट करण्यांत आले आणि आठ वर्षें त्यांची नोंद ठेवण्यांत आली. तपासणीनें किती रोगी ओळखले, एवढ्यावर तेथें समाधान मानलें नाहीं. तपासणीमुळें किती मृत्यु टळले, हें मोजलें. विषाणूची चांचणी एकदांच केलेल्या गटांत मृत्यूंचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें, हा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि मग जगानें त्या चांचणीवर विश्वास टाकला. अस्तराच्या कर्करोगासाठीं रक्तांतील पेशींना अजून ह्या परीक्षेला बसावयाचें आहे. तोंवर जाहिरातींतला 'नव्वद टक्के' हा शब्द ऐकून कोणी हुरळून जाऊं नये.

मग ह्या पेशींचा उपयोग कोठें? बहुधा निदानापेक्षां निदानानंतर अधिक. २०१३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ह्या कर्करोगाचे त्याच्या जनुकांवरून चार प्रकार पाडले. त्यांतल्या एका प्रकारांत पेशींची आपल्या चुका दुरुस्त करण्याची यंत्रणाच बिघडलेली असते. सुमारें पाव ते तिसरा हिस्सा रुग्ण ह्या प्रकारांत मोडतात. त्यांपैकीं कांहींच्या घराण्यांत आंतड्याचा कर्करोगहि चालत आलेला असतो, म्हणून वडील मंडळींच्या दुखण्यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. चुकांनीं भरलेली ही पेशी पहारेकऱ्यांना परकी दिसते. तिच्याभोंवतीं लिम्फोसाइट गोळा होतात, पण त्यांचा हात आवरून धरलेला असतो. तो हात मोकळा करणाऱ्या औषधांपैकीं डोस्टारलिमॅब ह्या औषधाला अमेरिकेंत २०२१ सालीं ह्याच रोगासाठीं मान्यता मिळाली. औषध महाग आहे, आणि तें सर्वांना लागूं पडत नाहीं. अशा वेळीं दोनतीन मात्रांनंतर रक्तांतील पेशींचा रागरंग पाहून औषध लागूं पडत आहे कीं नाहीं हें सांगतां आलें, तर कित्येक घरांची जमीन गहाण पडण्याची वांचेल. संशोधन त्या दिशेनें चाललें आहे.

दुसरा उपयोग परतवाड्यासारख्या दूरच्या गांवाला अधिक जवळचा. गर्भाशय काढून टाकल्यावर ज्यांचा रोग उलटतो, त्यांपैकीं बहुतेकींचा तो पहिल्या तीन वर्षांतच उलटतो. ह्या काळांत प्रत्येक तपासणीसाठीं नागपूर किंवा मुंबई गांठावी लागते. आणि घरांतील कर्त्या माणसाची मजुरी बुडूं नये म्हणून बाई मधली एखादी खेप गाळते. गांठीचे कण गिळलेल्या पेशी रक्तांत पुन्हां दिसूं लागल्या, हें स्थानिक डॉक्टरांनीं काढून पाठविलेल्या रक्तावरून सांगतां आलें, तर कोणत्या बाईला तातडीनें बोलवावें आणि कोणती घरीं राहिली तरी चालेल, हें ठरवितां येईल. त्यांत व्यवहाराची एक अडचण आहे. पांढऱ्या पेशी साध्या नळींत फार वेळ टिकत नाहींत. त्यांना जपणारें द्रव्य घातलेल्या खास नळ्या लागतात, आणि त्याहि उन्हाळ्यांतील वऱ्हाडच्या उन्हांत एस. टी. च्या टपावर ठेवून चालणार नाहीं. अशा तपासणीची मोठ्या प्रमाणावर परीक्षा होईपर्यंत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीनें पहिलीं दोनतीन वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं प्रत्यक्ष तपासणीस जावें, असा आजचा परिपाठ आहे. आणि त्या तपासणींत डॉक्टर प्रथम विचारतात तें हेंच, कीं पुन्हां रक्त गेलें काय.